चाळीसगावचा टांगा, लंडनची परिषद

परदेशात विद्यार्थ्यांच्या प्रतिरूप संयुक्त राष्ट्र परिषदा भरतात. विद्यार्थी एखाद्या देशाचा प्रतिनिधी होऊन ठराव मांडतो, मते जुळवतो. पण तिथे खर्च परवडणाऱ्यांचीच मुले जातात. जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांतील आमच्या मुलांनी काय करायचे?

१९२९ साली धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावी उतरले. टांगेवाल्यांनी टांगा हाकण्यास नकार दिला. नवख्या हाताने हाकलेल्या टांग्याला अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढच्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत तेच बाबासाहेब अस्पृश्यांचे हक्क मागत उभे राहिले! २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न नको, अशी भारत सरकारची भूमिका होती; तरीही दलित कार्यकर्त्यांनी तो जगापुढे नेलाच.

म्हणून आम्ही म्हणतो, हा सराव दर रविवारी बुद्धविहारात होऊ द्या. विमानाचे तिकीट नंतर पाहू. आधी आमच्या मुलामुलींना बोलते करा!