‘पिंपळनेर’मध्ये अक्षरं किती? गेममधला टाइपरायटर इफेक्ट मराठीत का अडखळतो

गेममधलं पात्र बोलायला लागलं की अख्खं वाक्य एकदम दिसत नाही. एकेक अक्षर टकटक आवाज करत उमटतं. यालाच टाइपरायटर इफेक्ट म्हणतात. गेम बनवायला शिकणारा जवळपास प्रत्येक जण तो करून बघतो, कारण तो फार सोपा वाटतो.

मलाही वाटला होता. दिवाळीत पिंपळनेरला घरी असताना मी एसटीवर एक छोटा गेम बनवत होतो. त्यात कंडक्टर ओरडतो, “पिंपळनेर आलं, उतरा!” आठवीतला चुलतभाऊ फोनवर खेळता खेळता म्हणाला, “दादा, हा प उडी का मारतो?” थोड्या वेळाने बघतो तर त्याने गेमची भाषाच इंग्रजी करून टाकली होती. चूक माझ्या कोडची, आणि पोराला वाटलं मराठीच अशी दिसते.

झालं काय होतं ते तुमच्या फोनवरच बघा. कीबोर्डवर ‘पिं’ लिहा आणि बॅकस्पेस दाबत जा. बहुतेक कीबोर्डवर आधी अनुस्वार जाईल, मग वेलांटी, मग प. आपल्याला ‘पिं’ हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती तीन चिन्हं आहेत. त्यामुळे ‘पिंपळनेर’ वाचताना पाच अक्षरं, कॉम्प्युटरसाठी मात्र आठ चिन्हं.

माझं कोड दर ०.०५ सेकंदाला एक चिन्ह दाखवत होतं. आधी प आला. वेलांटी साठवली जाते प च्या नंतर, पण काढली जाते त्याच्या आधी, म्हणून ती येताच प उजवीकडे सरकला. हीच ती उडी. टकटक पण पाच अक्षरांना आठ वेळा वाजायची. गंमत म्हणजे खऱ्या मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. कागदावर उमटलेला प थोडाच सरकणार!

जोडाक्षराचे हाल तर आणखी वाईट. ‘साक्री’ लिहिताना सा, साक, पाय मोडलेला साक्, साक्र आणि शेवटी साक्री असं सगळं दिसतं.

उपाय म्हणजे वाक्य सुरू होण्याआधीच त्याचे अक्षरागणिक तुकडे पाडून ठेवायचे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग, नुक्ता किंवा हलन्त आला तर तो मागच्या तुकड्याला चिकटवा. आणि मागचा तुकडा हलन्ताने संपत असेल व पुढे व्यंजन असेल, तर तेही त्याच तुकड्यात घ्या. ‘अर्थात्’नंतर जागा येते, व्यंजन नाही, म्हणून तिथे तुकडा आपोआप संपतो. तयार लायब्ररी वापरणार असाल तर तिची आवृत्ती बघून घ्या. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने ‘साक्री’चे सा, क्, री असे तुकडे पडतात.

आता गोडोट ४ मध्ये हे कसं बसवायचं? (त्याचा एडिटर ॲण्ड्रॉइड फोनवरही चालतो, लॅपटॉप नसला तरी अडत नाही.) लेबलमध्ये पूर्ण वाक्य आधीच टाका आणि ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स’ हा आकडा वाढवत न्या. पण एकेकाने नाही, तुकडा जिथे संपतो तिथपर्यंत. ‘पिंपळनेर’साठी तो ३, ४, ५, ७, ८ असा जाईल. टकटक प्रत्येक तुकड्याला एकदाच. शिवाय ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’मध्ये ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ निवडा. मुळात तिथे ‘बिफोर शेपिंग’ असतं आणि ते हुबेहूब टाइप केल्यासारखं वागतं, म्हणजे ओळीच्या टोकाला सुरू झालेला शब्द मध्येच खालच्या ओळीत पळतो.

वेळ मोजताना फ्रेम मोजू नका, सेकंद मोजा. नाहीतर ६० हर्ट्झच्या फोनवर ठीक वाटणारं वाक्य १२० हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगाने धावेल. आणि स्क्रीनवर टॅप केलं की पूर्ण वाक्य दिसलंच पाहिजे. घाईत असलेल्याला टकटक ऐकत बसवू नका.

झाल्यावर ‘शेतकऱ्याला साक्रीला सोड’ असं एखादं वाक्य चालवून बघा. वेग मुद्दाम कमी ठेवा, तुकड्याला अर्धा सेकंद. ‘ऱ्या’च्या जागी क्षणभर जरी खाली टिंब असलेला र दिसला, तर हलन्ताचा नियम कुठेतरी सुटलाय.