डोमेन गेलं, डेटा अडकला: रजिस्ट्रारच्या कस्टमर सपोर्टशी झगडताना शिकलेल्या गोष्टी



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, याचा संशोधनाशी काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. मग एका पेपरच्या रिव्हिजनमध्ये दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं, "डेटासाठी दिलेली लिंक उघडली तर जाहिरातींचं पान येतं. डेटा पाहिल्याशिवाय मी निष्कर्षांबद्दल काही सांगू शकत नाही." उत्तर द्यायला आमच्याकडे ३० दिवस होते.

डेटा म्हणजे पश्चिम घाटातल्या ओढ्यांमधून गोळा केलेल्या डायटम्सचे, म्हणजे सूक्ष्म शैवालांचे, स्लाइडवरचे फोटो आणि त्यांच्या नोंदी. चार पावसाळ्यांचं काम. ते सगळं लॅबच्या एका छोट्या वेबसाइटवर होतं. वेबसाइटचं डॉट ऑर्ग डोमेन आमच्या एका सिनिअर ताईने घेतलेलं होतं. फाइल्स सर्व्हरवर सुखरूप होत्या, पण तिथे जाणारा पत्ता गेला होता.

पुढचे १४ दिवस माझे रजिस्ट्रारच्या कस्टमर सपोर्टशी बोलण्यात गेले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. तुम्ही पीएच.डी.ला लागलात की लॅबची वेबसाइट, सर्व्हेचा फॉर्म किंवा परिषदेचं पान यातलं काहीतरी तुमच्या गळ्यात येणारच. तेव्हा ही यंत्रणा कशी चालते हे आधीच माहीत असलेलं बरं.

डोमेन आपलं नसतं, भाड्याचं असतं

आपण "डोमेन विकत घेतलं" म्हणतो. प्रत्यक्षात आपण ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. या व्यवहारात तीन पायऱ्या असतात.

सगळ्यात वर रजिस्ट्री. ती एका प्रकारच्या सगळ्या नावांची मूळ वही सांभाळते. डॉट कॉमची वही व्हेरिसाइनकडे आहे, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे आणि आपल्या डॉट इनची निक्सीकडे. तिच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे ग्राहकांकडून पैसे घेऊन त्या वहीत नोंद करणारी कंपनी. शेवटी आपण, म्हणजे रजिस्ट्रंट. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारनी कसं वागायचं याचे नियम आयकॅन ही संस्था करते. डॉट इनला ते नियम लागू होत नाहीत, तिथे निक्सीचे नियम चालतात.

यात अजून एक पात्र असतं, ते म्हणजे रीसेलर. तुम्ही ज्या स्वस्त होस्टिंगवाल्याकडून नाव घेता तो बऱ्याचदा स्वतः रजिस्ट्रार नसतोच. तो दुसऱ्याच्या दुकानातला माल विकत असतो. आमचंही तेच होतं, आणि हे मला चौथ्या दिवशी कळलं.

नेमकं काय घडलं

ताईने नाव नोंदवताना स्वतःचा संस्थेचा ईमेल दिला आणि स्वतःचं कार्ड लावलं. पुढे ती पोस्टडॉकसाठी जर्मनीला गेली. संस्थेने नियमाप्रमाणे तिचा ईमेल बंद केला, कार्डाची मुदतही संपली.

रजिस्ट्रारने सूचना पाठवल्या नाहीत असं नाही. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदत संपण्याआधी साधारण एक महिना, मग साधारण एक आठवडा आणि संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत, अशा किमान तीन सूचना त्यांना द्याव्याच लागतात. तिन्ही आल्या असणार, पण बंद पडलेल्या ईमेलवर.

कार्ड चालू असतं तरी ऑटो-रिन्यूवर विसंबून चाललं नसतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले. त्यानंतर परदेशी कंपन्यांची अशी पेमेंट्स भारतीय कार्डांवर अडण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा ऑटो-रिन्यूचं बटण हिरवं दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका.

सपोर्टचं चक्रव्यूह

पहिल्या दिवशी मी चॅटवर गेले. "तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर ओटीपी पाठवला आहे." तो ईमेल बंद आहे, असं सांगितलं. "मग लॉगिन करून ईमेल बदला." लॉगिन कसं करायचं? "ओटीपीने." घरात किल्ली राहिली म्हणून कुलूपवाल्याला बोलवावं आणि त्याने आधी किल्ली दाखवा म्हणावं, तशातला प्रकार.

मग तिकीट टाकलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ते छापील होतं. माझा प्रश्न त्यात नव्हताच. मी रविवारी उत्तर दिलं नाही म्हणून सोमवारी तिकीट "सुटलं" असं दाखवून बंद झालेलं. नवीन तिकीट, नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी.

तिसऱ्या माणसाने सांगितलं, "तुमचं डोमेन तर पुढच्या वर्षापर्यंत चालू आहे, अडचण तुमच्या सर्व्हरची असेल." चौथा म्हणाला, "ते रिडेम्प्शनमध्ये गेलंय, परत मिळवायला नेहमीच्या कितीतरी पट रक्कम लागेल." एकाच नावाबद्दल एकाच कंपनीची दोन उत्तरं, आणि दोन्ही चूक!

इथे मला आपलंच शिक्षण आठवलं. दोन मापनं जुळत नसतील तर आपण तिसऱ्या मापनाकडे जात नाही का? मग इथे कोणाच्या शब्दावर का विसंबायचं? मूळ वही बघायची.

मूळ वही कशी बघायची

डोमेनची सार्वजनिक नोंद कोणालाही पाहता येते. पूर्वी यासाठी हूइज नावाची पद्धत होती. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून तिची जागा अधिकृतपणे आरडॅपने घेतली. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की नोंद समोर येते. त्यात तीन गोष्टी बघा: रजिस्ट्रार कोण, तारखा कोणत्या आणि स्टेटस काय.

आमच्या नोंदीत रजिस्ट्रारचं नाव वेगळंच निघालं. मी आत्तापर्यंत रीसेलरशी भांडत होते! मुदतीची तारीख खरंच पुढच्या वर्षीची होती. स्टेटस होतं "ऑटो रिन्यू पिरियड".

या तारखेचं कोडं समजून घ्या, कारण अनेक जण इथेच फसतात. मुदत संपली की रजिस्ट्री नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारला ४५ दिवस देते. तेवढ्या दिवसांत ग्राहकाने पैसे भरले नाहीत तर रजिस्ट्रार नाव सोडून देऊ शकतो आणि ते वर्ष रद्द होतं. म्हणजे वहीत पुढची तारीख दिसते, पण तुमचे पैसे पोचलेले नसतात. तिसऱ्या माणसाने नुसती तारीख वाचली, स्टेटस वाचलंच नाही.

मुदत संपल्यानंतरचा प्रवास साधारण असा असतो:

१. ऑटो रिन्यू पिरियड, जास्तीत जास्त ४५ दिवस. यातले किती दिवस तुम्हाला नेहमीच्या दरात द्यायचे हे रजिस्ट्रार ठरवतो. काही जण याच काळात नाव लिलावातही काढतात. वेबसाइटच्या जागी जाहिरातींचं पान बहुधा इथेच दिसू लागतं.

२. रिडेम्प्शन, ३० दिवस. नाव पुसलं गेलेलं असतं, पण जुन्या मालकाला परत मिळू शकतं. खर्च मात्र बराच.

३. पेंडिंग डिलीट, ५ दिवस. आता कोणीच काही करू शकत नाही. यानंतर नाव सगळ्यांना खुलं.

आम्ही पहिल्या टप्प्यात होतो. रजिस्ट्रारच्या अटी उघडून वाचल्या तर नेहमीच्या दरात ३५ दिवस दिलेले. त्या दिवशी आमचा तेविसावा दिवस होता.

सपोर्ट असा का असतो?

राग येणं साहजिक आहे, पण कारणं दोन आहेत आणि ती समजली की पुढचं सोपं जातं.

पहिलं कारण पैशाचं. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. हे पैसे रजिस्ट्रार दरवर्षी रजिस्ट्रीला देतो. त्यावर आयकॅनचं शुल्क आणि कार्डाचा खर्च. स्पर्धेमुळे विक्रीचा दर फार वाढवता येत नाही. एका नावामागे उरणारी रक्कम इतकी कमी, की अर्धा तास एका माणसाने तुमच्याशी बोललं तर ती तिथेच संपते. म्हणून छापील उत्तरं, म्हणून आपोआप बंद होणारी तिकिटं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं, आणि ते रास्त आहे. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये सेक्स डॉट कॉम हे नाव नोंदवलं होतं. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन या माणसाने रजिस्ट्रारला एक बनावट पत्र पाठवून ते स्वतःच्या नावे करून घेतलं. पडताळणी न करता नाव सोपवलं गेलं. हा खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता ठरू शकते असं मानलं. आता विचार करा: चॅटवर एक अनोळखी मुलगी येते आणि म्हणते, "नाव दुसरीच्या नावावर आहे, तिचा ईमेल बंद आहे, पण ते मला द्या." सपोर्टवाल्याने ते दिलं असतं तर तो चांगला सपोर्ट झाला असता का?

तेव्हा "मी खरं बोलतेय" हे सांगून उपयोग नसतो. ते त्यांच्या पद्धतीत बसेल अशा रीतीने सिद्ध करावं लागतं.

शेवटी काय चाललं

मी तक्रारीचा सूर सोडला आणि एकच मेल थेट रजिस्ट्रारला लिहिला, पेपरच्या मेथड्ससारखा. डोमेनचं नाव, आरडॅपमधलं स्टेटस, मुदत संपल्याची तारीख, त्यांच्याच अटींतलं ३५ दिवसांचं कलम, आधीच्या तिकिटांचे क्रमांक आणि शेवटी एकच प्रश्न: "ईमेल बंद असताना रजिस्ट्रंटची ओळख पटवण्यासाठी तुम्हाला कोणती कागदपत्रं लागतात?"

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. नोंदीत संस्थेच्या रकान्यात लॅबचं नाव होतं, त्यामुळे लेटरहेडवर पत्र आणि ताईचं ओळखपत्र हवं होतं. ताईने लगेच पाठवलं. पण पडताळणीला आठवडाही लागू शकेल असं ते म्हणाले. आमच्याकडे तेवढे दिवस होते कुठे?

मग सरांनी संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरला पत्र दिलं आणि ताईचा ईमेल दोन दिवसांसाठी पुन्हा सुरू करून घेतला. तेहतिसाव्या दिवशी ओटीपी आला. लॉगिन केलं, नेहमीच्या दरात पैसे भरले, ईमेल बदलला. रात्रीपर्यंत साइट उघडायला लागली. सरळ रस्ता आमच्याच इमारतीत होता आणि मी तो शेवटी विचारला!

तुमच्यासाठी, आत्ताच करण्यासारखं

- डोमेन एका व्यक्तीच्या ईमेलवर ठेवू नका. लॅबचा वेगळा ईमेल ठेवा, दोघांकडे त्याचा ताबा द्या. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेनबरोबर तोही जाईल.
- ईमेल बदलला की पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर नाव निलंबित होऊ शकतं.
- कोणी लॅब सोडत असेल तर चाव्या, वह्या, हार्ड डिस्क यांच्या यादीत डोमेनही लिहा.
- शक्य असेल तर प्रकल्पाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांसाठी पैसे आधीच भरा.
- सपोर्ट नकोसा झाला तर नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येतं. त्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. पण नवीन नोंदणी किंवा बदलीनंतर साधारण ६० दिवस नाव हलवता येत नाही.
- रागाच्या भरात बँकेतून पैसे परत मागवू नका. त्यामुळे नावच अडकवलं जाऊ शकतं.
- आयकॅनकडे तक्रार करता येते, पण ते फक्त नियम मोडला का हे पाहतात. उद्धट उत्तर किंवा जास्त दर ही तिथली तक्रार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेपरमधला डेटा स्वतःच्या डोमेनवर ठेवूच नका. सर्नने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवा आणि डीओआय घ्या. वेबसाइट हवी तर ठेवा, पण पेपरमध्ये डीओआय द्या. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि इतर काही नियतकालिकांत दिलेल्या ७० टक्क्यांहून अधिक लिंक्स मूळ मजकुरापर्यंत पोचतच नव्हत्या.

डीओआयसुद्धा अगदी अमर नाही बरं का. २० जानेवारी २०१५ ला खुद्द डीओआय डॉट ऑर्ग या नावाचं नूतनीकरण राहून गेलं आणि जगभरात अनेकांना डीओआयच्या लिंक उघडेनात. फरक इतकाच, की तिथे चूक झाल्यावर धावणारी माणसं आणि संस्था होत्या. आमच्या डोमेनमागे फक्त एक बंद ईमेल होता.

आम्ही रिव्हिजन वेळेत पाठवली, डेटाच्या जागी आता डीओआय आहे. रिव्ह्यूअरने या वेळी स्लाइड्सचे फोटो उघडून पाहिले आणि दोन नमुन्यांची ओळख चुकली आहे असं दाखवून दिलं. तो बरोबर होता.

आज जेवणानंतर पाच मिनिटं काढा आणि तुमच्या लॅबच्या साइटचं नाव लुकअपमध्ये टाकून बघा. मुदत कधी संपते आणि सूचना कोणाच्या ईमेलवर जातात, हे सरांना नाही, तुम्हाला माहीत असायला हवं.