ओढ्यावर वीज: किती आणि कशी?

परवा मावळातल्या परंदवडीत एका भाच्यानं विचारलं, "मामा, डोंगरातल्या वाडीला ओढ्याच्या पाण्यावर वीज मिळेल का?" मिळते. हिशेबही सोपा आहे.

दोनच गोष्टी मोजायच्या: पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती लिटर येतं.

सूत्र: उंची (मीटर) × प्रवाह (लिटर) × 9.81 = वॅट. घर्षण आणि यंत्रातली घट धरून निम्मं हाती येतं असं समजा.

30 मीटर उंची आणि 20 लिटर प्रवाह असेल, तर साधारण 3 किलोवॅट. म्हणजे 30 घरांना प्रत्येकी 100 वॅट: दिवे, पंखा, मोबाइल चार्जिंग.

मोठं धरण लागत नाही. छोटा बंधारा, गाळ बसायला टाकी, पाइप, टर्बाइन आणि जनरेटर. वापरलेलं पाणी पुन्हा ओढ्यात.

मावळाला हे तंत्र नवं नाही. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांचं खोपोली केंद्र 1915 पासून चालतंय. पण ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. छोट्या प्रकल्पाची वीज तिथल्याच वाडीला मिळते, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

खरी अडचण उन्हाळ्याची. सह्याद्रीतले बरेच ओढे दिवाळीनंतर आटतात. त्यामुळे प्रवाह एप्रिल-मेमध्येही मोजा आणि जोडीला सौर पॅनेल ठेवा.

तुमच्या वाडीजवळ ओढा आहे? उंची आणि प्रवाह कमेंटमध्ये लिहा, हिशेब मिळून करू.