तीस सप्टेंबरचा पट

माळशिरस तालुक्यातली कोणती जिल्हा परिषद शाळा चांगली, याचं उत्तर कुणाला विचारतो त्यावर ठरतं. केंद्रप्रमुख शिष्यवृत्तीला किती मुलं लागली ते सांगतील, सरपंच रंगवलेल्या बोलक्या भिंती दाखवतील, आणि एखादी आई म्हणेल, 'तिथं बाई रोज येतात.' तिघांपैकी आईचा निकष मला सगळ्यात शास्त्रीय वाटतो.

श्रीपूर परिसरात या तुलनेला भरपूर वाव आहे. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे, शेजारचं महाळुंग आणि श्रीपूर मिळून नगरपंचायत झाली आहे, आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पसरला आहे. उसाबरोबर माणसंही रानात राहायला गेली. त्यामुळे गावठाणातली जुनी, मोठी शाळा एकीकडे आणि वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा दुसरीकडे, असं चित्र तालुकाभर दिसतं. या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या वस्तीशाळा पुढे नियमित प्राथमिक शाळा झाल्या, त्यांचीही यात भर पडली.

1 मे 1962 पासून या शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. वेतनश्रेणी एकच, बालभारतीची पुस्तकं तीच, पोषण आहाराचे नियमही तेच. मग फरक पडतो कुठे? पहिला फरक पडतो शिक्षकांच्या हिशेबात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच. आता 20 पटाची वस्तीवरची शाळा घ्या. दोन शिक्षक, म्हणजे दहा मुलांमागे एक. शहरातल्या महागड्या शाळेलाही हेवा वाटावा असा आकडा! प्रत्यक्षात पहिली ते चौथी हे चार वर्ग दोघांत वाटलेले असतात. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या अंगावर येतात. 130 पटाच्या शाळेत 26 मुलांमागे एक शिक्षक, पण पाच शिक्षक असल्यानं बहुतेक प्रत्येक वर्गाला स्वतःचा माणूस. कागदावर पहिली शाळा श्रीमंत, शिकवण्याच्या दृष्टीनं बहुधा दुसरी. म्हणून दोन शाळांचं निव्वळ विद्यार्थी-शिक्षक प्रमाण शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरा फरक कॅलेंडरचा, आणि तो ऊसपट्ट्याचा खास आहे. संच मान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे, साधारणपणे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. गळीत हंगाम सुरू होतो त्यानंतर. बीड, पाथर्डी, जत अशा भागांतून तोडणीच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात येतात, खोपी पडतात, आणि आईबापांबरोबर मुलंही येतात. ही मुलं सप्टेंबरमध्ये त्यांच्या गावच्या पटावर मोजलेली असतात. शिक्षक तिकडे, मुलं इकडे. फेब्रुवारीत पाहिलं तर इथल्या वर्गात वाढीव मुलं दिसतील आणि तिकडे बाकं रिकामी असतील. अर्थात मुलं शाळेत आली तर. धाकट्या भावंडाला राखायला थोरली खोपीतच थांबली, तर ती दोन्हीकडच्या हजेरीतून निसटते.

1990 च्या दशकात जनार्थ संस्थेनं यावर साखरशाळांचा मार्ग काढला होता: कारखान्याजवळच, हंगामापुरती शाळा. 1 एप्रिल 2010 रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर भर बदलला. मुलाला जवळच्या नियमित शाळेत बसवायचं, आणि स्थलांतर करताना त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे, वेगळी शाळा म्हणजे वेगळी पंगत. पण वर्गात मध्येच आलेल्या मुलाला कुठून शिकवायचं, हा प्रश्न पत्रकानं सुटत नाही. तो त्या वर्गावरच्या शिक्षकालाच सोडवावा लागतो, आणि त्याचे गुण कोणत्याही गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत.

तुलनाच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1992 पासून माध्यमिक शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. वेल्सनं ते 2001 मध्ये बंद केले. नंतर ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांना आढळलं की, इंग्लंडच्या मानानं वेल्सचे निकाल घसरले. कुणी पाहत नसेल तर हात सैल पडतात, हे खरं. आपल्याकडची मोठी सर्वेक्षणं वेगळ्या कामाची आहेत. 'असर'चे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का ते पाहतात, 'परख'चं सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 ला तिसरी, सहावी, नववीसाठी झालं. त्यातून जिल्ह्याचं किंवा राज्याचं चित्र मिळतं, आपल्या वस्तीवरच्या शाळेचं नाही. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेत राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाखांचं बक्षीस होतं. स्पर्धा चांगली, पण सुंदरतेचे गुण मिळवायला तीन हात जास्त असणारी शाळा आधीच पुढे असते.

याच जिल्ह्यातलं माढा तालुक्यातलं परितेवाडी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागेही त्यांचंच काम. पण परितेवाडीकडे बोट दाखवून तालुक्यातल्या बाकीच्या शाळांना झोडपण्याची जी पद्धत पडली, ती मला पटत नाही. एका लहान शाळेतला एक शिक्षक काय करू शकतो, एवढंच त्यावरून कळतं. त्याची बदली झाल्यावर काय उरतं, हे त्यावरून कळत नाही.

श्रीपूरच्या पालकानं दोन शाळा ताडून पाहायच्या असतील तर यूडायसवरचे आकडे खुले आहेत, ते जरूर पाहावेत. पण त्याआधी फेब्रुवारीचं हजेरीपत्रक मागावं, आणि हंगामात दाखल झालेली मुलं कोणत्या बाकावर बसतात ते पाहावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा हे विचारण्याचा अधिकार आहेच. फक्त एक अडचण राहते. समितीची निवड शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला होते, आणि तेव्हा टोळीतले आईबाप इथं नसतात.