तिथीची पाऊणपट

भद्रावतीस समुद्र नाही. आमच्या गावास डोलारा तलाव आहे, त्यातील जुना दगडी पूल आहे, आणि पश्चिमेस वर्धा नदी आहे. नदीचे पाणी एकाच दिशेस जाते, हे ज्यांनी जन्मभर पाहिले, त्यांना खाडीचे पाणी दिवसातून दोनदा मागे फिरताना पाहून प्रथम काहीसे चुकल्यासारखेच वाटते. आमची व आमच्या कुटुंबाची स्थिती गेल्या पौषात अशीच झाली. भाचीचे बिऱ्हाड अलिबागेकडे. तिला पाहावयास जावयाचे होते, आणि जावयाचे तर समुद्रावरूनच, असा सौभाग्यवतींचा हट्ट होता.

मुंबईतील आप्तांनी हा बेत ऐकताच नापसंती दर्शविली. ती निष्कारण होती, असे आम्हांस म्हणवत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अमावास्येचा सण घरी करावा म्हणून कित्येक चाकरमाने तीत बसले होते. ही झाली जुनी गोष्ट. परंतु १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान होडी आदळून पंधराजणांचे प्राण गेले, ती तर सर्वांच्या डोळ्यांपुढची. “अटल सेतूवरून मोटारीने जा, पाय ओले होणार नाहीत,” असे मेहुण्यांनी बजाविले. घरात दोन तट पडले. आम्ही, खरे सांगावयाचे तर, मेहुण्यांच्या बाजूस झुकलो होतो; कारण सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे, आणि हलत्या बोटीतून धक्क्यावर पाऊल टाकणे हे आम्हांस पुलाहून कठीण वाटत होते.

वाटले ते अगदीच अस्थानी नव्हते. शांत दिवशी या वाटेवर खरी अडचण भर पाण्यात नसते, ती उतरताना असते. रेवसच्या बंदरात गाळ फार. ओहोटीस पाणी इतके हटते की लाँच धक्क्यास लागणे अवघड होते. लागलीच तर शेवाळलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. भरती पूर्ण असली म्हणजे बोटीची कड आणि धक्का जवळजवळ सारख्या उंचीवर येतात. म्हणजे प्रश्न वेळेचा होता, आणि ती वेळ घरातल्या पंचांगातच होती!

कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो व समुद्र त्याच्या मागोमाग चालतो, हे यातले मर्म. पंधरा तिथींत बारा तास सरकावयाचे, म्हणजे तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे पडतात. पंचेचाळीस धरल्याने पौर्णिमेस हिशेब पाऊण तास मागे राहतो. गणिताच्या मास्तराने येथे गुण कापले असते. होडी हाकणारा मात्र थोडा वेळ हाताशी ठेवतो. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. भावनगर वा कलकत्त्यास तो चालावयाचा नाही, कारण किनाऱ्याच्या ठेवणीप्रमाणे भरतीची वेळ बदलते.

त्या दिवशी वद्य पंचमी. सौभाग्यवतींनी एकादशी-चतुर्थीसाठी जवळ बाळगलेले पंचांग उघडून सांगितले, “अहो, पावणेचार. अडीचची लाँच धरू.” मेहुणे गप्प झाले.

प्रवास सव्वा तासाचा. जीवरक्षक जाकिटे आम्ही बसताक्षणी मागून घेतली व अंगावर चढविली. काही तरुण मंडळी हसली, हसोत बापडी. मुंबईच्या इमारती धुरकट झाल्या, समोर रायगड जिल्ह्याचे डोंगर निळ्याचे हिरवे झाले. काशाचा खडक कोणता, असे तांडेलास विचारले, तेव्हा त्याने बोलणे थांबवून नुसते बोट दाखविले. सौभाग्यवतींनी तिकडे हात जोडले.

रेवस आले तेव्हा पाणी काठोकाठ होते. खलाशाने दोर टाकला, लाँच धक्क्याला हलकेच घासली, आणि “आजी, हात द्या,” म्हणेपर्यंत सौभाग्यवती वर चढूनही गेल्या होत्या! पिशवी मात्र आमच्याकडे राहिली.

परतीचे विचारावे म्हणून आम्ही तांडेलाकडे वळलो. “कधी निघणार?” त्याने विचारले.

“अष्टमीस,” सौभाग्यवतींनी धक्क्यावरूनच सांगितले.

त्याने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरविला. “म्हणजे सहाची भरती. पहाटे उठावे लागेल, आजी.”