चित्रकलेच्या तासाची शिस्त (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात रंगसाहित्याचा विचार झाला. ते साहित्य पन्नासएक मुलांच्या हाती एकाच वेळी पडले म्हणजे वर्गात जो कोलाहल उद्भवतो, त्याचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. हा कोलाहल मुलांच्या उच्छृंखल स्वभावातून निर्माण होतो, अशी समजूत मुख्याध्यापकांच्या दालनापासून शिपायाच्या स्टुलापर्यंत रूढ आहे, आणि शेजारच्या वर्गातून गणिताच्या मास्तरांची तक्रार आली की ताकीद मिळते ती ड्रॉइंगच्या मास्तरांना. परंतु 35 मिनिटांच्या तासातील पहिली दहा कागद वाटण्यात, पुढची पाच एकुलत्या एका नळावरील झुंबडीत आणि शेवटची दहा आवराआवरीत जात असतील, तर ज्या मुलाला या साऱ्या अवधीत वाट पाहण्यावाचून कामच नेमून दिलेले नाही, त्याने पुढच्याच्या सदऱ्यावर कुंचला झटकला, यात नवल ते कोणते?

सबब पहिली तजवीज पाण्याची. चौघांत एक डबा, तोही अर्धाच भरलेला, आणि मुले बाकांवर बसण्यापूर्वी जागच्या जागी ठेवलेला असावा. बाकांवर जुनी वर्तमानपत्रे, प्रत्येकापाशी कुंचला पुसावयास चिंधी. वाटप व आवराआवर यांची पाळी दर आठवड्यास बदलावी. हे मानाचे काम वर्षभर एकाच गुणी मुलाकडे ठेवण्याची जी वहिवाट आहे, तिने तो एक मुलगा शिष्ट होतो आणि बाकीचे बेजबाबदार. वर्ध्याजवळ सेवाग्रामला, शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद 1944 पासून नई तालीमच्या मुलांना कला शिकवीत असत. त्या शिक्षणपद्धतीत सफाई व मांडणी ही अध्ययनाचीच अंगे मानली जात. आश्रमाचे मोकळे आवार आणि मुंबईच्या चाळवजा शाळेतील वर्ग यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण झाडू व चिंधी यांना जागा फारशी लागत नाही.

साहित्याचा बंदोबस्त झाल्यावरही जी दांडगाई उरते, तिचे मूळ बहुधा भीतीत असते. मास्तर फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड काढतात, सर्वांनी तेच हुबेहूब उतरवावे असा हुकूम सुटतो, आणि पाचच मिनिटांत निम्म्या वर्गाला आपला पराभव कळून चुकतो. मग खोडरबराने कागद फाटेपर्यंत घासणे, "सर, मला येतच नाही" म्हणून वही मिटणे, किंवा शेजाऱ्याच्या झाडाला खराटा म्हणून हसणे, एवढेच त्या मुलांना करण्याजोगे उरते. माझ्या मते चित्रकलेच्या वर्गात सक्त मनाई करण्याजोगी गोष्ट एकच: दुसऱ्याच्या चित्राला हसणे. मात्र ही मनाई मास्तरांनाही लागू असावी, आणि मुलाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल चालवून त्याची रेघ सुधारण्याची मुभा त्यांनी स्वतःला देऊ नये. "छान!" एवढा शेरा मारून पुढे सरकण्यापेक्षा "या म्हशीला निळा रंग का घेतलास?" असे, उत्तराची खरी उत्सुकता ठेवून, विचारले तर मुलगा कामाकडे परततो, पुष्कळदा त्याचे उत्तर चित्राहून सरस असते.

शिक्षेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. "आज तुला रंग मिळणार नाहीत" ही शिक्षा त्या कलमात कदाचित बसत नसेल, पण ज्या कामाने मूल शांत होते नेमके तेच काम काढून घेण्यात शहाणपण नाही. तसेच, गणिताचा अभ्यासक्रम राहिला म्हणून ड्रॉइंगचा तास खुशाल मागून घेणाऱ्या सहकाऱ्यांना मुख्याध्यापकांनी एकदा तरी नकार द्यावा. जो तास शाळाच फालतू समजते, त्याची अदब मुलांनी का राखावी?

पूर्ण निःशब्दतेचा हट्ट मात्र नको. रंग मागताना, दाखविताना होणारी कुजबुज कामाचीच असते. सामसूम हवीच असेल तर ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांच्या तयारीच्या वर्गांत आयती मिळते. ती कशाने येते आणि तिची किंमत काय, हा पुढील लेखांकाचा विषय.