चिखलात टिकणारा मार्कर

पेंटबॉलचा मार्कर म्हणजे दाबाखालील वायूच्या जोरावर जिलेटिनच्या कवचातील रंगाची गोळी फेकणारे यंत्र होय, आणि ते कोणत्या जमिनीवर वापरले जाणार यावर त्याच्या गुणदोषांचा हिशेब अवलंबून असतो. सपाट मैदानावर हवा भरलेल्या आडोशांमागून खेळल्या जाणाऱ्या प्रकाराला स्पीडबॉल म्हणतात; त्यातला डाव काही मिनिटांत संपतो आणि बिघडलेला मार्कर घेऊन खेळाडू लगेच आपल्या टेबलापाशी परतू शकतो. झाडीतल्या खेळाला वूड्सबॉल असे नाव असून त्यात खेळाडू ओल्या पालापाचोळ्यात पोटावर सरपटतो, काटेरी झुडपांतून वाट काढतो, ओढ्याच्या काठावर बराच वेळ दबा धरून बसतो, आणि ऐन वेळी चाप ओढल्यावर यंत्राने दगा दिला तर मदतीचे टेबल त्याच्यापासून अर्धे रान ओलांडून पलीकडे असते. असे असूनही बाजारात मार्करची भलामण होते ती सेकंदाला किती गोळ्या सुटतात या आकड्यावर, तर झाडीतल्या मैदानावर कानी पडणाऱ्या तक्रारी असतात गळणाऱ्या हवेच्या, नळीत फुटलेल्या गोळीच्या आणि थंडीत मंदावलेल्या माऱ्याच्या. ही तफावत इतकी ठळक आहे की विश्वासार्ह मार्कर कोणता या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या काचेमागे शोधण्यापेक्षा दुरुस्तीच्या टेबलापाशी शोधणे अधिक फलदायी ठरते.

या खेळाचा उगमही झाडीतलाच आहे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर या गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी पहिला डाव मांडला, तेव्हा त्यांच्या हाती होते ते नेलस्पॉट ००७ हे अवजार. ते नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीने तयार केलेले होते आणि त्याचा मूळ उपयोग जंगलातील झाडांवर व कळपातील गुरांवर लांबून रंगाची खूण करण्याचा होता. प्रत्येक गोळीपूर्वी त्याचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवणारा दट्ट्या, हातानेच मागेपुढे करावा लागे, आणि वायू पुरवण्यासाठी १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची एक लहानशी कुपी असे. त्या दिवशी जंगलात ठिकठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करून डाव जिंकला तो रिची व्हाइट याने, ज्याचा पेशाच वनव्यवस्थापनाचा होता आणि ज्याने संपूर्ण डावात एकही गोळी झाडली नाही. झाडीत चाल, आडोसा आणि संयम यांची किंमत माऱ्याच्या वेगापेक्षा जास्त असते हे त्या पहिल्याच डावाने दाखवून दिले होते, आणि मार्कर निवडणाऱ्याने ही गोष्ट पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घेणे हिताचे आहे.

इंग्लंडमध्ये हा खेळ आजही मोठ्या प्रमाणावर झाडीतच चालतो. तेथील भाड्याने मार्कर देणाऱ्या मैदानावर, विशेषतः हिवाळ्यातल्या ओल्या सकाळी, सर्वांत आधी नजरेत भरते ती क्रोनोग्राफच्या टेबलामागची व्यक्ती. क्रोनोग्राफ हे गोळीचा वेग मोजणारे उपकरण असते, आणि मोकळ्या जागेतील खेळासाठी सेकंदाला ३०० फूट ही सर्वमान्य कमाल मर्यादा असली तरी अनेक मैदाने ती २८० वर आणून ठेवतात. टेबलामागचा कारागीर एकेक मार्कर उचलतो, तीन-चार गोळ्या झाडतो, आकडा वाचतो, ॲलन-कीने वेगाचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो, ‘दोनशे ऐंशी’ एवढेच म्हणतो आणि पुढचा मार्कर घेतो. सुमारे ३ ग्रॅम वजनाची गोळी २८० फुटांच्या वेगाने सुटली तर तिच्यात साधारण ११ जूल ऊर्जा असते आणि ३०० फुटांच्या वेगाने सुटली तर साडेबारा. म्हणजे वेगातली वाढ सात टक्के दिसत असली तरी अंगावर बसणारा तडाखा पंधरा टक्क्यांनी वाढतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच त्या आकड्याबाबत हा कारागीर कोणाचीही गय करत नाही.

परंतु त्याच्या कामाचे खरे मर्म मर्यादेच्या पालनाहून थोडे खोलवर आहे. एखादा मार्कर लागोपाठच्या गोळ्यांना २७८, २८१, २७९ असे आकडे दाखवतो, तर दुसरा २६०, २८०, २४० असे दाखवतो. नियमाच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखेच निर्दोष, पण दुसऱ्याची गोळी झाडीतल्या फटीतून नेमकी कुठे जाईल याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. कारागीर असा मार्कर बाजूला काढून ठेवतो, तो रंगाने कितीही नवा दिसत असला तरी. विश्वासार्हतेची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे: २८० लावले की दिवसभर २८० च्या आसपासच राहणारे यंत्र.

या टेबलावर सर्वाधिक दिसतो तो ब्लोबॅक पद्धतीचा मार्कर, आणि त्याचा नमुना म्हणून टिपमन कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या मॉडेल ९८ चे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्यात मागे दाबून धरलेल्या स्प्रिंगपुढे हॅमर नावाचा धातूचा ठोकळा असतो आणि सिअर नावाची खिट्टी त्याला अडवून ठेवते. चाप ओढताच खिट्टी सुटते, हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि क्षणभर उघडलेल्या व्हॉल्व्हमधून वायू दोन दिशांना धावतो. पुढचा झोत गोळी फेकतो, तर मागचा झोत हॅमरला पुन्हा मागे ढकलून खिट्टीत अडकवतो. या सगळ्या हालचालीचा डोलारा एका वस्तूवर उभा असतो, आणि ती वस्तू म्हणजे हॅमरभोवतीची ओ-रिंग, अर्थात वाटोळ्या छेदाचे रबरी कडे. कारागीर मार्करच्या कवचाचे दोन अर्धे भाग उघडतो तेव्हा आत चिखलाची बारीक रेघ, वाळून चिकट झालेला रंग आणि तेलाचा उग्र वास असतो. तो ते कडे नखाने उचलून बाहेर काढतो, बोटांत धरून ताणतो, उजेडाकडे करून त्यावर चीर आहे का ते पाहतो, आणि शंका आली तरी नवे बसवतो. कडे झिजले किंवा कोरडे पडले की वायू बाजूने निसटतो, हॅमर खिट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि एकदा ओढलेल्या चापावर मार्कर धडाधड गोळ्या सोडत राहतो. बाटलीतला दाब संपत आला तरी हेच घडते. नवख्या खेळाडूला हा मोठा बिघाड वाटतो, पण अत्यंत स्वल्प किमतीचे कडे आणि तेलाचे दोन-तीन थेंब एवढ्यावर तो बहुधा दुरुस्त होतो. झाडीसाठी या जातीच्या मार्करची शिफारस का करावी याचे उत्तर त्या उघडलेल्या कवचातच आहे: आतले सर्व भाग डोळ्यांना दिसतात, हातांना समजतात आणि दोन-तीन ॲलन-कींच्या साह्याने जंगलाच्या कडेलाही सुटे करता येतात.

वायूची निवड मात्र मार्करच्या निवडीइतकीच निर्णायक आहे, आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अक्षम्य आहे. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब सर्वस्वी तापमानावर ठरतो; २० अंश सेल्सियसला तो सुमारे ५७ बार असतो, तर शून्य अंशाला जेमतेम ३५ बार. त्यातच प्रत्येक गोळीसाठी द्रवाचे बाष्पीभवन होताना बाटली आणखी थंड होते, त्यामुळे हिवाळ्यात सलग मारा केला की वेग उतरत जातो आणि सकाळी २८० वर बसवलेला मार्कर दुपारपर्यंत लंगडू लागतो. बाटली तिरपी झाली तर द्रवच आत शिरतो आणि रबरी कडी गोठवून फोडतो. याउलट उच्च दाबाची हवा ही साधी हवाच असते; ती ३,००० किंवा ४,५०० पीएसआय, म्हणजे साधारण २०७ किंवा ३१० बार दाबाने भरली जाते, आणि बाटलीच्या तोंडावरचा रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रित करणारा भाग, ती सुमारे ८०० पीएसआयपर्यंत उतरवून एकसारखी पुढे सोडतो. ज्याला वेगाची स्थिरता हवी त्याने हवाच निवडावी. बाटलीच्या संदर्भात एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यायला हवा: मार्करमधून बाटली काढताना बाटलीवरचा व्हॉल्व्हच सैल होऊन सुटला तर तो प्राणघातक ठरू शकतो, म्हणून बाटली फिरवताना व्हॉल्व्हही तिच्याबरोबर फिरतो आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा आटा सोडू नये, आणि बाटलीची दाबचाचणी सामान्यतः दर पाच वर्षांनी करून घ्यावी.

ब्लोबॅकच्या तुलनेत स्पूल व्हॉल्व्ह ही पद्धत अलीकडे झाडीतही रुजू लागली आहे. तिच्यात आदळणारा हॅमर नसून हवेच्या दाबानेच पोकळ बोल्ट सरकतो. त्यामुळे हादरा कमी, आवाज मऊ आणि नाजूक कवचाच्या गोळीवर आघात सौम्य असतो. मँचेस्टरच्या प्लॅनेट एक्लिप्स कंपनीचा एमेक हा बॅटरीविना, निव्वळ यांत्रिक चापावर चालणारा मार्कर या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. आवाज दबल्यामुळे लपलेल्या खेळाडूची जागा लवकर उघड होत नाही, आणि झाडीत हा लाभ लहान नाही. त्याची अट एवढीच की तो केवळ हवेवर चालवावा आणि त्याच्या बोल्टला तेलाऐवजी योग्य ग्रीस द्यावे. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये गोळी नळीत नीट बसली की नाही हे प्रकाशकिरणाने पाहणारे संवेदक असतात आणि त्यामुळे बोल्टखाली गोळी चिरडणे जवळपास थांबते हे खरे आहे. तथापि पाऊस, ओल आणि उतरलेली बॅटरी यांच्यापुढे तो लाभ डळमळीत होतो, आणि मिनिटाला शेकडो गोळ्या उधळण्याची सोय ही झाडीत बहुतेक वेळा खिसा रिकामा करण्याचीच सोय ठरते. सैनिकी रायफलीसारखे दिसावे म्हणून लावलेले खोटे दस्ते, दुर्बिणी आणि पट्ट्या यांचा उपयोग तर झुडपांत अडकण्यापलीकडे फारसा दिसत नाही.

नळीच्या लांबीबाबत असाच एक गोड गैरसमज आहे. गोळीला वेग देण्याचे काम पहिल्या आठ-दहा इंचांतच उरकते, त्यामुळे लांब नळीने पल्ला वाढत नाही. आडोशाआडून फांदी बाजूला सारता येते म्हणून चौदा इंची नळी पसंत करणे ठीक, पण तीच नळी दाट झाडीत पायांत येते. महत्त्वाचा असतो तो नळीचा व्यास आणि गोळीचा व्यास यांचा मेळ. प्रचलित गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटरची असली, तरी जिलेटिनचे कवच हवेतला दमटपणा शोषून घेते आणि सादळलेल्या पापडासारखे मऊ पडून किंचित फुगते, तर कडाक्याच्या थंडीत तेच ठिसूळ होऊन नळीत फुटते. गोळी नळीत सोडल्यावर आपोआप घरंगळून बाहेर पडली तर नळी सैल आहे, ढकलूनही हलेना तर घट्ट आहे. ती अडकावी आणि फुंकरीने सुटावी, एवढी साधी परीक्षा पुरते. गोळ्या साठवणारे भांडे, म्हणजे हॉपर, झाडीत उंच नसावे आणि त्याचे झाकण घट्ट असावे. टिपमनच्या ए-५ मध्ये सायक्लोन नावाची योजना आहे, जिच्यात मार्करमधलाच थोडा वायू वापरून एक चाक फिरते आणि गोळ्या आत ढकलते. बॅटरीविना होणारा असा नियमित पुरवठा झाडीत फार मोलाचा आहे.

जुना मार्कर घेणाऱ्याने हवा जोडून आधी नुसते ऐकावे, कारण बारीक फुसफुस ही आतल्या झिजलेल्या कड्यांची कबुली असते. मग स्क्रूंची डोकी घासलेली आहेत का आणि गोळीला नळीत घसरू न देणारी खीळ शाबूत आहे का, ते पाहावे. सुटे भाग सहज मिळतात की नाही ही चौकशी मॉडेलच्या दिमाखापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी असते. आणि खर्चाची विभागणी करताना मुखवट्याला पहिला वाटा द्यावा: पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ१७७६ या मानकाला उतरणारा, धुके धरू नये म्हणून दुहेरी काचेचा. दमट झाडीत धूसर झालेली काच पुसण्यासाठी मुखवटा वर करणारा खेळाडू डोळा गमावू शकतो, आणि त्या वेळी समोरच्याचा मार्कर २८० वर बसवलेला होता की ३०० वर, याला काहीही अर्थ उरत नाही.

लोणावळा, कर्जत अशा सह्याद्रीच्या परिसरातही आता भाड्याच्या मार्करांवर हा खेळ चालतो, आणि तेथील हवामान इंग्लंडच्या नेमके उलटे प्रश्न उभे करते. कार्बन डायऑक्साइडचे तापमान ३१ अंशांपुढे गेले की बाटलीतील द्रव आणि वायू हा भेदच मावळतो आणि दाब झपाट्याने चढतो. उन्हात ठेवलेल्या बाटलीची ही अवस्था महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात दुर्मीळ नसते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीतल्या गोळ्या फुगून नळीत अडकू शकतात, म्हणून त्या हवाबंद डब्यात, सावलीत आणि लवकर संपतील एवढ्याच ठेवाव्यात. स्वतःचा मार्कर घेण्याचा विचार असलेल्याने आयातीचे नियम तपासण्याबरोबरच उच्च दाबाची हवा भरून देणारा कॉम्प्रेसर आपल्या आवाक्यातल्या अंतरावर कोठे आहे, हे मॉडेल ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. तो नसेल तर केवळ हवेवर चालणारा महागडा स्पूल व्हॉल्व्ह मार्कर कपाटात पडून राहील आणि दोन्ही वायूंवर चालणारा साधा ब्लोबॅकच दर रविवारी कामी येईल.